शेजार आणि शीव

सोयरा पाहून करतां येतो, मित्र जोडतां येतो. शेजारी मात्र जागेबरोबर येतो. घर घेतांना आधीं शेजार पाहावा, असें वडील माणसें सांगत आलीं आहेत, आणि तें खरेंहि आहे. परंतु पाहून घेतलेला शेजारहि कायम राहत नाहीं. म्हातारा जातो आणि कारभार मुलाकडे येतो. घर विकलें जातें आणि नवा मालक येतो. मग दोन पिढ्या जिच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें, त्या भिंतीवरून एके दिवशीं बोलाचाली सुरू होते. अशा वेळीं काय करावें, कोणत्या क्रमानें करावें आणि कोणती गोष्ट कधींहि करूं नये, याचा विचार आधींच करून ठेवलेला बरा. भांडण पेटल्यावर विचार सुचत नाहीं.

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याचें नांव अहमदनगर होतें आणि बोलण्यांत जो आजहि 'नगर'च आहे त्या जिल्ह्यांत, हा प्रश्न दोन रूपांनीं भेटतो. शहरांत तो भिंतीचा, मोरीचा, पागोळ्यांचा आणि दोन वाड्यांमधील बोळाचा असतो. खेड्यांत तो बांधाचा, पाटाचा आणि शेतावर जाण्याच्या वाटेचा असतो. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांना दोन्ही रूपें ठाऊक असतात. कारण बिऱ्हाड सावेडीला असतें आणि वडिलोपार्जित जमीन पारनेर, पाथर्डी किंवा श्रीगोंदें तालुक्यांत असते. नेवासें तालुक्यांतील शनिशिंगणापुरांत घरांना दारें न लावण्याची जुनी प्रथा प्रसिद्ध आहे. परंतु तेथेंहि शेतांना बांध आहेतच. चोराची भीति नसली तरी शीव लागते. ती दोघांच्याहि सोयीची गोष्ट आहे, आणि ती स्पष्ट असली म्हणजे शेजार टिकतो.

शेजाऱ्यांचा तंटा चिघळतो, याचें मुख्य कारण असें कीं, त्यांत तीन निरनिराळे प्रश्न एकत्र कालवले जातात. शीव नक्की कोठें आहे, हा पहिला प्रश्न. त्या जागेवर हक्क कोणाचा आहे, हा दुसरा. आणि मन कशानें दुखावलें आहे, हा तिसरा. पहिल्याचें उत्तर मोजणीदार देतो, दुसऱ्याचें न्यायालय देतें, आणि तिसऱ्याचें उत्तर त्या दोन घरांखेरीज कोणीहि देऊं शकत नाहीं. मोजणीदाराकडे हक्क मागितला, न्यायालयाकडे मानापमानाची भरपाई मागितली किंवा पोलीस चौकीवर जाऊन शीव ठरवून मागितली, म्हणजे पैसा जातो, वर्षें जातात आणि प्रश्न होता तेथेंच राहतो.

प्रथम ज्या जागेसाठीं भांडावयाचें तिचें माप तरी करावें. मोजणीच्या जुन्या साखळीची लांबी ३३ फूट. तिच्या चौरसास गुंठा म्हणतात; म्हणजे गुंठ्याचे १०८९ चौरस फूट झाले, आणि अशा ४० गुंठ्यांचा एक एकर. समजा, दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट, लांबीच्या बांधाची नऊ इंच रुंदी शेजाऱ्यानें नांगरटींत घेतली. हिशेब केला तर ही जागा २४७½ चौरस फूट भरते. पाव गुंठा २७२¼ चौरस फुटांचा. म्हणजे ती पाव गुंठ्याहूनहि थोडी कमीच झाली. एवढ्यावरून ती सोडून द्यावी, असें नाहीं. जो एका सालीं वीतभर बांध कोरतो तो पुढच्या सालीं आणखी कोरण्याचा संभव असतो. आणि शहरांत तर तेवढ्याच नऊ इंचांवर जिना बसेल कीं नाहीं हें ठरतें. परंतु आपण किती जागेसाठीं किती वर्षें आणि किती पैसा खर्च करणार आहोंत, याचा आंकडा डोळ्यांपुढें असल्याशिवाय पाऊल उचलूं नये.

शिवेचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सीमावादाचें प्रकरण आहे. वड, पिंपळ यांसारखीं झाडें शिवेवर लावावीं आणि शिवाय दगड, हाडें, राख, खापऱ्या, विटा, कोळसे अशा वस्तु जमिनींत पुरून गुप्त खुणाहि ठेवाव्या, असें मनूनें सांगितलें आहे. कारण उघडी खूण हलवितां येते. असा वाद ज्येष्ठ महिन्यांत सोडवावा, कारण त्या वेळीं शिवेच्या खुणा चांगल्या दिसतात, हेंहि तेथें आहे. साक्षीदारांनीं डोक्यावर माती घेऊन, तांबडीं वस्त्रें व माळा घालून, शपथपूर्वक शीव सांगावयाची असे. पुढें मराठी मुलखांत असे वाद गोतसभा ऐकत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. गांवच्या शिवेविषयीं महाराची साक्ष विशेष महत्त्वाची मानली जाई, कारण शिवेची राखण त्याच्याकडे असे. ज्याला रूढीनें गांवकुसाबाहेर ठेवलें होतें, त्याच्याच शब्दावर गांवाची हद्द ठरे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. या जुन्या व्यवस्थेंत दोष पुष्कळ होते. परंतु निवाडा जागेवर, चारचौघांसमक्ष आणि लेखी व्हावा, हें तिचें धोरण आजहि उपयोगी आहे.

इंग्रजी अमलांत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत मोजणीची जी पद्धति बसविली, ती पुढें दख्खनभर लागू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि हद्दीवर दगड आले. असें असतांहि आज वाद कां होतात? याचीं दोन कारणें ठळक आहेत. पहिलें कारण तोंडी वांटणी. भावाभावांनीं झाडाच्या किंवा विहिरीच्या खुणेवर वांटे केले. पोटहिश्शाची मोजणी केली नाहीं. भाऊ होते तोंवर खूण राहिली. पुढें चुलतभाऊ आले आणि खूण बुजली. बांधावरचा अवघड शेजारी बहुधा परका नसून भाऊबंदच असतो, तो यामुळें. दुसरें कारण एकत्रीकरण. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखालीं विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडण्यांत आले. कागदावर गट बदलले. परंतु कित्येक ठिकाणीं वहिवाट जुन्याच जागीं राहिली. एकाच्या नांवची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नांवची पहिला कसतो, अशी स्थिति त्यांतून उत्पन्न झाली. तेव्हां शेजाऱ्यास लबाड ठरविण्यापूर्वीं कागदच लबाड नाहीं ना, हें पाहावें.

म्हणून पहिली पायरी कागदांची. शेतजमीन असेल तर सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि गटाचा नकाशा काढावा. शहरांतील घर असेल तर मिळकत पत्रिका, नगर भूमापनाचा नकाशा आणि मंजूर बांधकामाचा नकाशा काढावा. दोन्हींत खरेदीखत किंवा वांटणीपत्र मुळांतून वाचावें, आणि विशेषतः त्यांतील चतुःसीमा वाचाव्या. गांवठाणांतील घरांना पुष्कळ ठिकाणीं ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीशिवाय कागद नसे. केंद्र सरकारनें २०२० सालीं सुरू केलेल्या स्वामित्व योजनेंत अशा गांवठाणांची ड्रोनच्या साहाय्यानें मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. सातबारा आणि फेरफार हे महसुली कागद आहेत. त्यांतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. परंतु केवळ त्या नोंदीनें कोणी मालक होत नाहीं, आणि केवळ नोंद चुकल्यानें कोणाची मालकी जात नाहीं. घरपट्टीच्या पावतीचेंहि तसेंच आहे.

दुसरी पायरी मोजणीची. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख, यांच्या कार्यालयाकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीसाठीं अर्ज करावा. मोजणीपूर्वीं लगतच्या धारकांना नोटीस जाते. त्या दिवशीं उपस्थित राहावें, शेजाऱ्यासहि स्वतः जाऊन सांगावें आणि घरांतील शांत स्वभावाच्या माणसास पुढें करावें. मोजणी झाल्यावर हद्दीच्या खुणा दाखविल्या जातात आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. ती मोजणी कोणास मान्य नसेल तर वरिष्ठांकडून फेरतपासणी करून घेतां येते. तिला निमताना मोजणी म्हणतात. हल्लीं उपग्रहांच्या साहाय्यानें चालणारीं रोव्हर यंत्रें आल्यामुळें काम पूर्वींपेक्षां जलद होतें. परंतु यंत्र कितीहि चांगलें असलें, तरी उभ्या पिकांत आणि चिखलांत मोजणी नीट होत नाहीं. ज्येष्ठाचा जुना सल्ला या बाबतींत अजून खरा आहे: रान मोकळें असतां, पावसापूर्वीं हें काम उरकावें. हद्दीची निशाणी उपटणें किंवा हलविणें हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या १४५ व्या कलमाखालीं दंडास पात्र अपराध आहे, हें घरांतील तरुणांना आणि गड्यांनाहि सांगून ठेवावें.

मोजणीनें शीव समजते. हक्काचा वाद उरला तर तो दिवाणी न्यायालयानें ठरवावयाचा असतो. या बाबतींत तीन मुदती प्रत्येक घरमालकाला ठाऊक असाव्या: सहा महिने, बारा वर्षें आणि वीस वर्षें. कोणी कायदा बाजूला ठेवून जबरदस्तीनें ताबा घेतला, तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमाखालीं सहा महिन्यांच्या आंत दावा करून, मालकीच्या खोलांत न शिरतां, ताबा परत मागतां येतो. शेतीच्या बाबतींत १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाप्रमाणें, वाट किंवा पाणी अडविलें असतां, तहसीलदारांकडेहि सहा महिन्यांच्या आंत जातां येतें. दुसऱ्यानें आपल्या जागेवर मालकीच्या भावनेनें, उघडपणें आणि अखंड बारा वर्षें ताबा ठेवला, तर ती परत मिळविण्याचा आपला हक्क मुदतीबाहेर जाऊं शकतो. आणि वाट, उजेड, वारा, पाणी यांचा उपभोग शांतपणें, उघडपणें आणि हक्क म्हणून वीस वर्षें चालला, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें तो हक्कच ठरूं शकतो. परवानगीनें केलेला वापर मात्र हक्क होत नाहीं. म्हणून शेजाऱ्यास सौजन्यानें वाट किंवा जागा वापरूं द्यावयाची असेल तर अवश्य द्यावी. फक्त 'ही सवलत परवानगीनें दिली आहे' अशा दोन ओळी त्याच्या सहीनिशीं लिहून ठेवाव्या. सौजन्य करणाऱ्यास त्यानें कमीपणा येत नाहीं, आणि पुढच्या पिढीला वाद राहत नाहीं.

शहरांतील लहानसहान तंटे बहुधा याच नियमांनीं सुटतात. शेजाऱ्यानें काल नवी खिडकी पाडली म्हणून तिच्यांतून येणाऱ्या उजेडावर त्याचा हक्क लगेच बसत नाहीं; परंतु जुन्या खिडकीचा वीस वर्षांचा उजेड नवी भिंत घालून बुजवितांना मात्र विचार करावा लागतो. आपल्या छपराचें पाणी दुसऱ्याच्या अंगणांत सोडण्याचा हक्क कोणासहि आपोआप नसतो. पन्हळ लावून तें आपल्याच बाजूस उतरवावें. झाडाच्या बाबतींत पुष्कळांची चूक होते. शहराच्या हद्दींत १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणें वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं, मग तें आपल्या अंगणांतील असो कीं शेजाऱ्याच्या. बांधकाम नियमाबाहेर चाललें असेल तर ती तक्रार महानगरपालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे करावयाची. आणि पोलिसांकडे केव्हां जावें? मारहाण, धमकी किंवा दंगा झाला तर अवश्य आणि ताबडतोब जावें. परंतु भिंत कोणाची हें पोलीस ठरवीत नाहींत. तशी अपेक्षा करून गेल्यास केवळ शत्रुत्व वाढतें.

आतां तिसरा प्रश्न. कागद स्वच्छ, मोजणी झालेली, तरीहि शेजारी ऐकत नाहीं. रोज कांहींतरी खुसपट काढतो. बोलावयास गेलें तर आवाज चढवितो. अशा माणसाशीं वागतांना पहिली गोष्ट ही कीं, त्याच्या प्रत्येक शब्दास उत्तर देऊं नये. गच्चीवरून किंवा ओसरीवरून भांडण करूं नये. जें सांगावयाचें तें एकदां, दुसऱ्या समंजस माणसासमक्ष, आणि मग पोंचपावतीच्या टपालानें लेखी सांगावें. घडलेल्या गोष्टींची तारीखवार नोंद ठेवावी. छायाचित्रें काढून ठेवावीं. दुसरी गोष्ट, तो परगांवीं गेला असतां भिंत घालूं नये, दगड हलवूं नये, फांदी छाटूं नये. हक्क आपला असला तरी चोरून वापरलेला हक्क लोकांना चोरीसारखाच दिसतो, आणि न्यायालयांतहि तें आपल्याच विरुद्ध सांगितलें जातें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तंटा जागेचा असेल तर तो जागेपुरताच ठेवावा. मुलांचें एकत्र खेळणें, विरजणाची वाटी, हळदीकुंकवाचें बोलावणें, आजारपणांतील विचारपूस हीं बंद करूं नयेत. समोरच्यानें बंद केलीं, तरी आपल्या बाजूनें दार उघडें ठेवावें. पुढें समेट झालाच तर तो त्याच दारानें होतो.

समेटाच्या मार्गाशीं या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे सुरू झाले आणि ते नगर जिल्ह्यांतहि पसरले. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. त्यांत 'कन्सिलिएटर' म्हणजे समेट घडविणारा नेमण्याची तरतूद होती, आणि शेतकऱ्याचा वाद न्यायालयांत नेण्यापूर्वीं तो या समेटकर्त्यापुढें मांडावा लागे. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें. त्या वेळचे वाद मुख्यतः कर्जाचे होते. तरी आधीं समेट आणि मग दावा, हा क्रम तेव्हां कायद्यानेंच घालून दिला होता.

तोच विचार पुढें निरनिराळ्या रूपांनीं आला. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्यानें लोकअदालतींना अधिकार मिळाला. तेथें उभयपक्षीं मान्य झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नसतें, आणि न्यायालयांत चालू असलेला दावा तेथें मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते. महाराष्ट्र सरकारनें १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू केली. तेव्हां गृहमंत्री आर. आर. पाटील होते. गांवच्या समितीपुढें दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे सामोपचारानें मिटवावे, असा तिचा हेतु होता. आणि वर सांगितलेल्या अदलाबदलीच्या ताब्यासाठीं २०२३ सालीं 'सलोखा' नांवाची योजना काढण्यांत आली. एकाच्या नांवची शेतजमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा ताबा बारा वर्षांहून अधिक काळ असेल, तर दोघांच्या संमतीनें अदलाबदलीचा दस्त करतां यावा, आणि त्यासाठीं मुद्रांक शुल्क नाममात्र १००० रुपये व नोंदणी फी १००० रुपये असावी, असें तिचें स्वरूप. योजनेला मुदत असते. म्हणून लाभ घेण्यापूर्वीं तलाठी किंवा दुय्यम निबंधक यांच्याकडे चौकशी करावी.

समेट झाला म्हणजे तो लिहून घ्यावा, नकाशा जोडावा, दोन्ही घरांतील सज्ञान हिस्सेदारांच्या सह्या घ्याव्या. आणि जागेची मालकी बदलत असेल तर दस्ताची नोंदणी करावी. तोंडी समेट बहुधा तो करणाऱ्यांच्या हयातीपुरता टिकतो. नातवांना आजोबांचा शब्द माहीत नसतो. त्यांना फक्त कागद दिसतो.

कोर्टांत जाणें हें पाप नव्हे. शेजारी बळजोरी करीत असेल, दुर्बळाची जागा गिळीत असेल, तर दावा करणें हें कर्तव्यच आहे, आणि मुदत जाऊं देणें ही चूक आहे. परंतु निकाल जिंकला तरी शेजार बदलत नाहीं. हुकूमनाम्यानंतरहि सकाळीं त्याच बोळांतून जावें लागतें आणि त्याच विहिरीवर मोट जाऊन आलेल्या विजेच्या पंपाची पाळी त्याच माणसाबरोबर ठरवावी लागते. म्हणून ज्यांचा आज कोणाशींहि तंटा नाहीं, त्यांनींच हें काम आधीं करावें. येत्या उन्हाळ्यांत, रान मोकळें असतां, शेजाऱ्यास बरोबर घेऊन मोजणी करावी, खर्च निम्मा वांटून घ्यावा, दोघांनीं मिळून दगड बसवावे आणि नकाशाची एक एक प्रत दोन्ही घरांत ठेवावी. गोडी असतांना या कामास एक सकाळ पुरते. गोडी गेल्यावर त्याच कामास दोन पिढ्या अपुऱ्या पडतात.